‘फुकटचा वकील काय कामाचा?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मोफत कायदेशीर मदतीवरच्या लेखाखाली तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात गरिबाला मिळणारा वकील नावापुरता असतो, तारखेला उभा राहतो आणि पुढची तारीख घेतो, हा पहिला. चोरांना वाचवायला करदात्यांनी पैसे का मोजायचे, हा दुसरा. पहिल्यात तथ्य आहे, म्हणून त्याच्यापासून सुरू करतो.

मोफत मदतीसाठी सरकारी यादीवर म्हणजे पॅनेलवर असलेल्या वकिलाला प्रकरणामागे ठरावीक, तुटपुंजं मानधन मिळतं आणि तो आपले खासगी पक्षकार सांभाळून हे काम करतो. ओढाताण झाली की मोफतची फाईल मागे पडते. म्हणूनच राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आणली. मुख्य, उपमुख्य आणि सहायक अशी रचना, दरमहा मानधन आणि खासगी वकिलीला बंदी. मुख्य बचाव वकिलाला फौजदारीत किमान दहा वर्षांचा अनुभव आणि सत्र न्यायालयातले ३० खटले चालवलेले असावे लागतात.

पण वकील चांगला की वाईट, हे लोक अंतिम युक्तिवादावरून ठरवतात. माझ्या मते ते पहिल्या रिमांडलाच, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचं का हे न्यायालय ठरवतं तेव्हाच, ठरतं. आरोपीला अटकेपासून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करतात, अनेकदा संध्याकाळी किंवा सुट्टीच्या कोर्टात. वकिलाच्या हाती रिमांडचे कागद पडतात तेव्हा जेमतेम काही मिनिटं उरलेली असतात. तेवढ्यात अटकेची कारणं लेखी दिली का, नातेवाइकाला कळवलं का, वैद्यकीय तपासणी झाली का, कागदावरची अटकेची वेळ खरी आहे का, हे बघायचं. आरोपी कोवळा दिसत असेल तर तो अल्पवयीन आहे का हे बघायला शाळेचा दाखला मागवायचा. मारहाण झाली का, हे पोलिसांना ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर विचारायचं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात नोटीस देऊन भागत असताना अटक कशाला केली, हेही इथेच विचारायचं. वकील दुसऱ्या तारखेला आला तर यातलं बहुतेक हातचं गेलेलं असतं.

मग येते दिवसांची मोजणी. ठरलेल्या मुदतीत पोलिसांचं दोषारोपपत्र (तपास संपल्यावर न्यायालयात द्यायची कागदपत्रं) आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. जन्मठेपेसारखी शिक्षा असलेल्या गंभीर गुन्ह्यांत ९० दिवस, मोबाईल चोरीसारख्या गुन्ह्यात ६०. मोजायला सुरुवात अटकेच्या तारखेपासून करायची नाही. पहिली रिमांड मिळाली तो दिवस धरून मोजायचं. समजा रिमांड ३ मार्चला झाली. मार्चचे २९, एप्रिलचे ३०, म्हणजे साठावा दिवस १ मे. त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी असली तरी मुदत पुढे सरकत नाही. लॉकडाउनमध्येही ती वाढत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. २ मेला कोर्ट उघडताच जामिनाचा अर्ज न्यायाधीशांपुढे हवा. पोलिसांनी दोषारोपपत्र आधी दाखल केलं आणि वकील दुपारी उगवला, तर हक्क संपला. अर्ज लिहिलेला नसेल तर तोंडी मागितलं तरी चालतं, हे २०१७ पासून ठरलेलं आहे. कारागृहातल्या माणसाला ही तारीख कोणी सांगत नाही. ती वकिलाच्या डायरीत पहिल्याच दिवशी लिहिलेली असायला हवी.

आणि जामिनाचा आदेश झाला म्हणजे माणूस सुटला, असंही नाही. छिंदवाडा, बालाघाटहून नागपुरात बांधकामावर आलेल्या मजुराकडे इथला सातबारा नसतो की घरटॅक्सची पावती. जामीनदार मिळत नाही आणि तो वर्धा रोडच्या कारागृहातच राहतो. जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच सांगितलंय. ते प्रकरणही एका गवंड्याचंच होतं. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, महिना उलटला तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं, अशी २०२३ ची दिशा आहे. तरी माणसं अडकतात, कारण आदेश मिळाला की वकील फाईल मिटवतो. रक्कम कमी करा, जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच हमीवर) सोडा, असा दुसरा अर्ज लागतो. तो कोणी करत नाही. तुमचा राग इथे असेल तर तो अगदी रास्त आहे.

उलटतपासणीत एक चूक वारंवार दिसते. साक्षीदार कोर्टात सांगतो, ‘त्याच्या हातात चाकू पाहिला.’ पोलिसांपुढच्या जबाबात चाकू नाही. वकील साक्षीदाराकडून हे काढून घेतो आणि खूश होतो. पण तपास अधिकारी पिंजऱ्यात आला की त्यालाही विचारावं लागतं: साक्षीदाराने तुम्हाला चाकूचं सांगितलं होतं का? हे राहिलं तर ती वगळलेली बाब सिद्धच होत नाही आणि युक्तिवादात तिचा काही उपयोग नाही. मधल्या काळात वकील बदलला की नेमकं हेच सुटतं.

आता करदात्यांच्या पैशांबद्दल. मध्य प्रदेशातल्या एका बालिकेवरील अत्याचार व हत्येच्या खटल्यात आरोपीला वकील दिला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले, दोनेक आठवड्यांत खटला संपला आणि फाशी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो निकाल रद्द करून खटला पहिल्यापासून चालवायला लावला. अशा खटल्यांत दहा वर्षं अनुभवाचाच वकील द्या आणि तयारीला किमान सात दिवस द्या, असंही बजावलं. मुलीच्या घरच्यांना तेच सगळं पुन्हा सोसावं लागलं. नावापुरत्या बचावाची किंमत त्यांनीही मोजली. कसाबच्या २०१२ च्या निकालातही, पहिल्यांदा हजर केल्यावर वकिलाचा हक्क समजावून सांगणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असं न्यायालयाने लिहिलंय. तुम्ही ज्यांना चोर म्हणता त्यांच्यातला खरा कोण आणि उचलून आणलेला कोण, हे पुरावा तपासल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही.

तुमच्या ओळखीत कोणी अडकलं असेल तर सिव्हिल लाइन्सच्या न्यायमंदिरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा. अटकेत असलेल्या व्यक्तीला, महिलेला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. नेमलेला वकील तारखांना येत नसेल तर खटला क्रमांक आणि चुकलेल्या तारखा लिहून सचिवांकडे वकील बदलून मागा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.