केंद्राची पाटी उतरली, प्रमाणपत्रांचं काय?

मेलबर्नच्या ज्या वृद्धसेवा केंद्रात मी काम करते, तिथल्या एका आजोबांना साधं पाणी चालत नाही. त्यांना गिळताना त्रास होतो. पाणी दाटसर करून, नीट बसवून, चमच्याने पाजावं लागतं, नाहीतर ते फुप्फुसात जातं. गेल्या वर्षी नवीन लागलेल्या एका मुलीने त्यांच्या ओठांशी नळाच्या पाण्याचा ग्लास नेला. मी शेजारी होते म्हणून निभावलं. या कामाचं प्रमाणपत्र तिच्याजवळ होतं. त्यासाठी प्रत्यक्ष सेवाकेंद्रात किमान १२० तास काम करावं लागतं. तिने एक तासही केलेला नव्हता, पण तिच्या प्रशिक्षण केंद्राने कागदावर सगळे तास भरले होते, सह्यांसकट.

तेव्हापासून मायदेशातली कौशल्य प्रशिक्षणाची चर्चा मला लांबची वाटत नाही. माझा मावसभाऊ सांगली भागात आयटीआयमध्ये शिल्प निदेशक आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरचा कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल आल्यापासून फोनवर आमचा हाच विषय असतो. सुमारे ९५.९ लाख प्रशिक्षणार्थींपैकी ९४ टक्क्यांहून अधिक जणांच्या नोंदीत बँक खात्याचा रकाना रिकामा, नाहीतर त्यात शून्यं किंवा निरर्थक मजकूर! म्हणजे हे प्रशिक्षणार्थी खरे होते का, हे पडताळायचं कसं? त्याआधी काही आठवडे, २०२५ मध्येच, केंद्र सरकारने याच योजनेतल्या १७८ प्रशिक्षण संस्था आणि केंद्रांना काळ्या यादीत टाकलं होतं. दादा म्हणतो, "अगं, यादीत टाकून काय होतंय? मालक भावाच्या नावावर दुसरी संस्था काढतो." त्याचा राग खरा आहे. जी मुलं त्याच्या हाताखाली लेथवर दोन-दोन वर्षं घासून शिकतात, त्यांच्याच रांगेत न शिकलेला मुलगाही प्रमाणपत्र घेऊन उभा राहतो.

पण मला त्याच्या पुढचा प्रश्न पडतो. केंद्राची पाटी उतरली, अनुदान थांबलं. त्या केंद्राने वाटलेल्या प्रमाणपत्रांचं काय? आपल्याकडच्या वादात हा प्रश्न मला क्वचितच ऐकू येतो.

ऑस्ट्रेलियात तो विचारला गेला. इथल्या ॲस्क्वा या नियामक संस्थेला २०११ च्या कायद्याने कारवाईच्या पायऱ्या दिल्या आहेत: लेखी निर्देश, दंड, नोंदणीची मुदत कमी करणं, निलंबन आणि शेवटी नोंदणी रद्द. केंद्राला लवादाकडे दाद मागता येते. २०२४ मध्ये दंडाची कमाल रक्कम पाचपट झाली आणि वर्षभर काहीच न शिकवणाऱ्या केंद्राची नोंदणी आपोआप संपेल अशी तरतूद आली. हे शहाणपण सुखासुखी आलेलं नाही. २०१६ अखेर बंद झालेल्या विद्यार्थी कर्जयोजनेत दलालांनी दारोदार फिरून, फुकट लॅपटॉप देऊन लोकांच्या नावावर कर्जं चढवली होती. पुढे कित्येकांची कर्जं सरकारला माफ करावी लागली.

२०२४ च्या अखेरीपासून ॲस्क्वा एक पाऊल पुढे गेली. बंद केलेल्या केंद्रांनी दिलेली प्रमाणपत्रंही तिने रद्द करायला सुरुवात केली. वृद्धसेवा, बालसंगोपन, अपंगसेवा, प्रथमोपचार, बांधकाम अशा क्षेत्रांतली ही संख्या वीस हजारांच्या वर गेली आहे. आधी नोटीस येते: तुम्ही खरोखर शिकलात याचा पुरावा द्या.

आमच्या त्या मुलीलाही नोटीस आली. नाशिककडची पोर, आईने सोनं गहाण ठेवून पाठवलेली. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यासमोर बसून रडली. तिची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. सहा आठवड्यांत सगळं उरकतंय, हे तिला कळत होतं. तरीही फी घेणारा मालक, खोटी सही करणारा परीक्षक आणि एकविशीतली ती, या तिघांत सर्वात जड भार तिच्या डोक्यावर का? प्रमाणपत्र रद्द झालं ते योग्यच झालं, त्या आजोबांकडे पाहून मला दुसरं काही म्हणता येत नाही. पण पुन्हा शिकण्याचे पैसे तिने स्वतः भरले, पहिली फी काही परत मिळाली नाही, आणि हा मला इथल्या व्यवस्थेचा मोठा दोष वाटतो.

दादाला मी हे सांगितलं तर तो उखडला. "गरिबाच्या पोरांची प्रमाणपत्रं रद्द करायची म्हणतेस?" नाही, मी फेरपरीक्षा म्हणते, तीही त्यांना फुकट. मान्यता देतानाच केंद्राकडून भरीव बँक हमी घ्यावी आणि केंद्र दोषी ठरलं की तिच्यातूनच आधी मुलांच्या फेरपरीक्षेचा आणि लागेल तिथे पुन्हा प्रशिक्षणाचा खर्च व्हावा. ज्याला काम येतं तो एका दिवसाच्या प्रात्यक्षिकात मोकळा होईल. सही करणाऱ्या परीक्षकाचं नाव जाहीर व्हावं, म्हणजे तोच माणूस दुसऱ्या पाटीखाली बसणार नाही. एनसीव्हीईटी ही राष्ट्रीय नियामक परिषद २०२० पासून काम करते आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांना मान्यता तीच देते, मग सुरुवातही तिथूनच व्हावी. आणि त्यातही आधी इस्पितळं, पाळणाघरं आणि विजेची कामं घ्यावीत, कारण तिथे चूक झाली तर माणूस जातो.

दादाचं म्हणणं, हमीची रक्कम वाढवली तर तालुक्यातली लहान, प्रामाणिक केंद्रं आधी बंद पडतील. हे मात्र मला विचारात पाडतं. रक्कम विद्यार्थीसंख्येवर ठरवता येईल, असं मी त्याला कळवलं आहे. तो त्याच्या प्राचार्यांशी बोलून रविवारी फोन करणार आहे.