एका तक्त्यावरून कुणाला कुळाबाहेर काढू नका

आज सकाळी आमच्या कुलमंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका डीएनए तक्त्याचा फोटो आला. खाली एकच ओळ होती: "जुळलं नाही, म्हणजे घाटावरची शाखा आपल्या कुळातली नाही." त्यावर अंगठे, नमस्काराचे हात, "धक्कादायक!" वगैरे. दुपारी घाटावरच्या शाखेतले ८४ वर्षांचे आजोबा ग्रुप सोडून गेले. नमुना त्यांचाच होता. मागितल्यावर एका दिवसात दिला होता त्यांनी. मोडीतली जुनी वंशावळ बालबोधीत उतरवून देणारेही तेच.

मंडळी, तो तक्ता मी तीन वेळा वाचला. त्यात असं काहीही लिहिलेलं नाही.

आधी साधी गोष्ट. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, तसंच वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडेच जातं, जवळजवळ जसंच्या तसं. म्हणून आडनावाचा माग काढायला वाय-डीएनएच लागतो. त्यावर ठरावीक जागी काही अक्षरं पुन्हापुन्हा येतात, ती किती वेळा येतात ते मोजायचं. या जागांना एसटीआर मार्कर म्हणतात. ३७ मार्करची चाचणी म्हणजे ३७ आकडे. दोन पुरुषांचे आकडे शेजारी ठेवायचे आणि फरक मोजायचा. ह्युस्टनच्या फॅमिलीट्रीडीएनए या चाचणी कंपनीच्या पद्धतीत ३७ मार्करवर ४ पर्यंत फरक असेल तरच समोरच्याचं नाव जुळणाऱ्यांच्या यादीत दिसतं. १११ मार्करवर ही मर्यादा १०.

आजोबांचा नमुना आणि कोकणातल्या शाखेचा नमुना यांत फरक आला ५. यादीत नाव नाही. झाला निकाल.

अहो, पण ते पाच कुठे आहेत ते कुणी पाहिलं? डीवायएस४५९, डीवायएस४६४ आणि सीडीवाय या तीन ठिकाणी प्रत्येकी एक, मग डीवायएस४४९ आणि डीवायएस५७६. पहिले तिघे एकाहून जास्त प्रती असलेले मार्कर आहेत. वाय गुणसूत्राचा जो भाग आरशातल्या प्रतिमेसारखा दुहेरी आहे तिथे ते बसतात. तिथे कधीकधी एका बाजूची नक्कल दुसऱ्या बाजूवर उतरते, आणि एकाच घटनेत ९-१० चं १०-१० होतं, शेजारचे मार्करही त्याच झटक्यात बदलतात. याला रेकएलओएच म्हणतात. तक्त्यात हे तीन फरक म्हणून मोजले जातात, घडलेलं मात्र एकदाच असू शकतं. आजोबांच्या आकड्यांत तिन्ही ठिकाणी जोडीचे आकडे सारखे झालेत, म्हणजे शंका तिथेच यायला हवी होती. उरलेले दोन, ४४९ आणि ५७६, हे भराभर बदलणारे मार्कर म्हणून ओळखले जातात. सीडीवाय तर सगळ्यांत उतावळा. डीवायएस३९३ किंवा ४२६ सारख्या संथ मार्करवर असे पाच फरक असते, तर मीही गप्प बसले असते. तिथे एक फरकसुद्धा जड असतो.

म्हणजे ते आपल्याच कुळातले आहेत हे सिद्ध झालं का? नाही. हेही कबूल करते. दोघांचाही हॅप्लोग्रुप, म्हणजे पुरुषपरंपरेची मोठी जुनी फांदी, आर-एम१९८ आला आहे, त्याला मी कवडीची किंमत देत नाही, कारण ती फांदी हजारो वर्षं जुनी आहे आणि तिच्यात भारतातले कोट्यवधी पुरुष बसतात. हॅप्लोग्रुप वेगळा आला असता, एकाचा आर आणि दुसऱ्याचा एच, तर पुरुषपरंपरा निश्चित वेगळी म्हणता आली असती. सारखा आला तर फक्त "अजून नाकारता येत नाही" एवढंच. आणि "नाकारता येत नाही" याचं "आपली नाही" कसं झालं?

बरं, समजा खरोखरच जुळलं नाही. तरी तुटलं कुठे? नमुने दोनच घेतलेत. एक कोकणातल्या शाखेचा, एक घाटावरचा. दोघांच्या मधे मूळपुरुषापर्यंत दहा-दहा पिढ्या, म्हणजे बाप-मुलाचे २० सांधे. बेल्जियममधल्या अभ्यासांत बाप कागदावरचा आणि रक्ताचा वेगळा निघण्याचं प्रमाण पिढीला साधारण १ टक्का आलं आहे. तोच आकडा धरला तरी २० सांध्यांत कुठेतरी एक निसटण्याची शक्यता १८ टक्क्यांच्या घरात जाते. तो सांधा घाटावरच निसटला आणि कोकणात नाही, हे कुणी ठरवलं? ज्याने तक्ता टाकला त्याने स्वतःची शाखा मूळ धरली, बस्स. दोन घड्याळं वेगळी वेळ दाखवत असतील तर तिसरं बघावं लागतं. मूळपुरुषाच्या तिसऱ्या मुलाच्या वंशातला नमुना घ्या. तो ज्याच्याशी जुळेल त्याची ओळ अखंड.

आणि निसटणं म्हणजे लगेच कुणाच्या पणजीच्या चारित्र्याकडे बोट दाखवायचं, याचा मला मनस्वी संताप येतो. आपल्याकडे दत्तक किती! भाऊबंदांतून दत्तक घेतला तर वाय तोच राहतो. बडोद्याला १८७५ मध्ये कवळाण्याच्या गायकवाडांचा मुलगा दत्तक गेला, तो सयाजीराव झाला, तिथे आडनावही तेच आणि मूळ घराणंही तेच. पण मुलीचा मुलगा दत्तक घेतला, मेहुण्याचा घेतला, घरजावयाच्या मुलांनी आजोळचं नाव लावलं, आईने एकटीने वाढवलेल्या मुलाला शाळेत मामाचं आडनाव लागलं, साथीत आईबाप गेलेलं पोर शेजाऱ्याने सांभाळलं, की वाय बदलला. यात लाज कसली? ज्यांनी चार पिढ्या एकमेकांचं सुतक पाळलं ते भाऊबंद नाहीत तर कोण?

इंग्लंडच्या राजाचं बघा. तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरच्या वाहनतळाखाली सापडला. आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए त्याच्या बहिणीच्या वंशजांशी जुळला. वाय मात्र जुळला नाही. वंशावळीनुसार रिचर्डच्याच पुरुषपरंपरेतल्या पाचव्या ड्यूक ऑफ बोफर्टचे पाच जिवंत वंशज तपासले, पाचांपैकी एकही नाही. त्यातले चार एकमेकांशी जुळले आणि पाचवा त्यांच्याशीही नाही. म्हणजे एवढ्या कसून लिहिलेल्या वंशावळीत निदान दोन सांधे निसटलेले. २०१४ मध्ये हे सगळं छापून आलं आणि राजाला राजघराण्यातून कुणी काढलं नाही.

ग्रुपवरच्या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलते. त्याच फोटोखाली एकाने स्वतःचा रंगीत गोल टाकलाय, इतके टक्के अमुक, तितके टक्के तमुक, आणि "आपलं कूळ मूळचं बाहेरून आलं" असा शोध. ती ऑटोसोमल चाचणी आहे. ती आईबाप, आजी-आजोबा सगळ्यांकडून आलेल्या डीएनएची खिचडी मोजते. आडनाव त्यात कुठेच वेगळं दिसत नाही. सख्ख्या चुलतभावांत सरासरी १२.५ टक्के डीएनए समान असतो, त्यांच्या मुलांमुलांत ३ टक्क्यांच्या आसपास, पुढच्या पिढीत १ टक्क्याच्याही खाली. दहा पिढ्यांमागचा मूळपुरुष त्यात शोधणं म्हणजे समुद्रात चिमूटभर मीठ टाकून ते पुन्हा वेचणं. वर आपल्याकडे शतकानुशतकं पोटजातीत लग्नं, मामेबहिणीशी लग्नं. त्यामुळे एकाच पोटजातीतली कुणीही दोन माणसं आहेत त्यापेक्षा कितीतरी जवळची नातलग दिसतात. कंपनी "चौथ्या पिढीतला चुलतभाऊ" म्हणते, आणि ते नातं प्रत्यक्षात वीस दूरच्या धाग्यांची बेरीज असते. जवळचा हरवलेला नातेवाईक शोधायला ही चाचणी उत्तम आहे, हे मान्य. कुळासाठी नाही.

आणि "एक आडनाव, एक रक्त" हे आधी डोक्यातून काढा. ब्रायन साइक्स या ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञाने २००० साली स्वतःच्याच आडनावाचे ४८ पुरुष तपासले, त्यात ४३.८ टक्के एकाच वायचे निघाले आणि केवढी चर्चा झाली! पण ते आडनाव यॉर्कशरच्या एका टापूतलं. पुढे टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले, तेव्हा दुर्मिळ आडनावांत एकच मूळ ठळक दिसलं आणि स्मिथमध्ये काहीच नाही, कारण स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगाव होते. आपले कुलकर्णी, पाटील, देशमुख हे स्मिथच. वतनाची नावं ती. गावाच्या नावाला '-कर' जोडून झालेली आडनावं तर गाव सोडणाऱ्या कुठल्याही जातीच्या माणसाने घेतलेली असतात. उलट एकाच कुळात कामावरून नवं आडनाव पडतं. नाना फडणवीस मूळचे भानू. म्हणून माणसं निवडताना आडनाव पुरेसं नाही. मूळ गाव, कुलदैवत, गोत्र किंवा देवक, तिन्ही-चारही मेळ घालून मग नमुना मागा, आणि आडनाव बदलून गेलेल्या भाऊबंदांनाही विचारा.

पुन्हा करायचंच असेल तर असं करा. वंशावळीत सगळ्यांत वर फुटलेल्या तीन फांद्या शोधा आणि प्रत्येक फांदीतला एकेक पुरुष घ्या, एकमेकांपासून जितका दूरचा तितका चांगला. दोन सख्खे भाऊ तपासणं म्हणजे पैसे पाण्यात. बहिणींना वाय नसतो, त्यांनी वडील, भाऊ, चुलता किंवा पुतण्याला विचारावं. मामा चालत नाही, आतेभाऊ चालत नाही, त्यांचा वाय दुसऱ्या घराचा. फांदीतला सर्वांत वयस्कर पुरुष आधी, कारण नमुना प्रयोगशाळेत साठून राहतो आणि पुढच्या चाचण्या त्यावरच होतात. म्हाताऱ्या माणसांना थुंकीची नळी भरता येत नाही, तोंड कोरडं पडतं, म्हणून गालाला आतून घासायच्या काडीचंच किट घ्या. आधी तासभर खाणं, चहा, तंबाखू बंद, पाण्याने चूळ. काडी हलकेच फिरवून भागत नाही, अर्धा-एक मिनिट नीट घासायची. कुपीतलं पाणी ओतून टाकू नका, ते नमुना टिकवण्यासाठी असतं. किट आपल्या पत्त्यावर येतं का आणि नमुना परत कोणत्या मार्गाने जातो, हे पैसे भरण्याआधी कंपनीला विचारा.

३७ मार्करने सुरुवात ठीक आहे. फरक उंबरठ्यावर आला, ३ ते ६ मधे, तर १११ करा. तिघे जुळले आणि कोणती फांदी आधी फुटली हे हवं असेल, तर तिघांची बिग वाय-७०० ही मोठी चाचणी करा. ती कितीतरी महाग आहे हे खरं, पण ती एसएनपी, म्हणजे डीएनएतल्या एकेका अक्षराचे बदल वाचते, जे एकदा झाले की सहसा मागे फिरत नाहीत. साधारण ८०-८५ वर्षांत एक नवा, असा अंदाज धरतात. मात्र दोन भावांपैकी बाप कोण हे वाय कधीच सांगणार नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या घरातल्या गुलाम स्त्रीच्या मुलाचा बाप कोण, या १९९८ च्या प्रकरणात तेच झालं. डीएनए जेफरसन घराण्याचा निघाला, थॉमसचा की त्याच्या भावाचा, ते कागदपत्रांवरून ठरवावं लागलं.

आणि काडी हातात देण्याआधी माणसाला समोर बसवून सांगा: जुळणार नाही असंही होऊ शकतं, तेव्हा निकाल आधी फक्त तुम्हाला कळेल, तुम्ही म्हणाल तरच पुढे जाईल. हे लिहून घ्या, सही घ्या. तुमच्या निकालात तुमच्या भावांचा, मुलांचा, पुतण्यांचाही निकाल असतो. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या डीएनए कंपनीकडच्या ६९ लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती गेली. खात्यावर खरं नाव नको, आद्याक्षरं पुरतात. आजोबांचं तर पूर्ण नाव तक्त्याच्या डोक्यावर होतं आणि २१४ जणांनी वाचलं.

आता लिहितालिहिता राग थोडा उतरलाय. कुलमंडळातल्या लोकांनी दहा वर्षं गावोगाव फिरून, पदरचे पैसे घालून कुलवृत्तांत उभा केला. तक्ता टाकणाऱ्यालाही वाईट करायचं नव्हतं, त्याला खरंच वाटलं की उत्तर मिळालं. मला एवढंच हवंय की तो फोटो आज रात्री ग्रुपवरून काढा आणि उद्या सकाळी कुणीतरी वडीलधाऱ्याने आजोबांना फोन करा. माफी मागा, आणि मग विचारा की १११ मार्कर करू का. त्यांना पुन्हा गाल घासावा लागणार नाही, नमुना तिथे आहेच. तिसऱ्या फांदीचे लोक नाशिकला आहेत. त्यांच्या घरी कोण वयस्कर पुरुष आहे, हेही आजोबांनाच माहीत असेल.