थांब थांब, हा कोण?

शनिवारी रात्री साडेनऊला आम्ही सगळे मिळून पिक्चर बघतो असं आम्ही लोकांना सांगतो, पण खरं म्हणजे साडेनऊला पिक्चर शोधायला सुरुवात होते. रिमोट कन्येकडे (वय १४), तिला भूत पाहिजे. चिरंजीवांना (वय ८) मारामारी पाहिजे पण रक्त नको. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ऐतिहासिक. आईंना 'काहीतरी चांगलं', आणि चांगलं म्हणजे काय ते त्या सांगत नाहीत, लागलेलं चांगलं नाहीये एवढंच सांगतात. नवऱ्याला काहीही चालतं, आणि ज्याला काहीही चालतं त्याला प्रत्यक्षात काहीच चालत नाही हे मला लग्नाच्या पंधराव्या दिवशी कळलंय. मला झोप पाहिजे, पण ती कॅटेगरी ओटीटीवर नाहीये.

सव्वादहापर्यंत आम्ही फक्त पोस्टरं बघतो. मग काहीतरी लागतं आणि विसाव्या मिनिटाला हिरो हिरॉइनच्या फार जवळ जातो. त्यासरशी घरातल्या सगळ्यांना एकदम तहान लागते, बाबा पंख्याकडे बघायला लागतात, आई म्हणतात गॅस बंद केला का गं, आणि रिमोट नेमका सोफ्याच्या फटीत गेलेला असतो.

तर अशाच एका शनिवारी, ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं होतं म्हणून, मी सगळ्यांचा विरोध मोडून 'द प्रिन्सेस ब्राइड' लावला. १९८७ चा म्हटल्यावर चिरंजीवांनी विचारलं, रंगीत आहे का? नवऱ्याने लांबी बघितली, ९८ मिनिटं, बरं म्हणे, बारापर्यंत उरकेल. बिचारा.

पिक्चर सुरू होतो तर एक आजारी मुलगा बेडवर व्हिडिओगेम खेळतोय, आणि आजोबा पुस्तक घेऊन येतात वाचून दाखवायला. मुलाचं तोंड वाकडं. ह्यात खेळबिळ आहे का असं विचारतो, आणि पुढे गोष्टीतले दोघं जवळ आल्याबरोबर वाचन थांबवून म्हणतो, हे काय, पाप्यांचं पुस्तक आहे की काय! आमचे चिरंजीव ताडकन उठून बसले, कारण हा डायलॉग गेली तीन वर्षं ते स्वतः मारत आलेत. आणि ते आजोबा काय करतात, रागवत नाहीत, पुढे एके ठिकाणी तर पापीचा भाग सरळ गाळून टाकतात. रिमोट शोधायची गरजच नाही! ज्याने हे लिहिलं त्याच्या घरी नक्की आमच्यासारखीच माणसं असणार असं मी म्हटलं, तेवढ्यात नवऱ्याने फोन काढला.

नवरा पिक्चर बघत नाही, पिक्चरबद्दल वाचतो, आणि ते मोठ्याने वाचतो. विल्यम गोल्डमन नावाचा लेखक, त्याला दोन मुली, गोष्ट कशावर लिहू विचारलं तर एक म्हणे राजकन्या, दुसरी म्हणे नवरी, म्हणून हे नाव. पुस्तक १९७३ चं. आणि त्यात त्याने अशी थाप मारलीय की हे माझं नाहीच, दुसऱ्याच कोणाचं जुनं जाडजूड पुस्तक आहे, मी फक्त कंटाळवाणं काढून चांगलं चांगलं ठेवलंय. तो दुसरा लेखक मुळात नाहीच! बाबा म्हणाले, म्हणजे पोथ्यांसारखंच झालं, आपल्याकडे लिहितो एक आणि खपवतो व्यासांच्या नावावर.

आता आईंना इंग्रजी कळत नाही आणि सबटायटल वाचायला चष्मा आत असतो, तेव्हा चालू भाषांतराचं काम माझ्याकडे. हिरॉइनचं नाव बटरकप. म्हणजे काय गं? मी घाईत म्हटलं, लोण्याची वाटी. असं कुठे नाव असतं होय? एका फुलाचं नाव आहे ते, हे सांगेपर्यंत हिरो दूरदेशी निघूनही गेला होता. हा हिरो, वेस्टली, तिच्याकडे शेतावर गडी, ती काहीही काम सांगते आणि तो एवढंच म्हणतो, 'जशी तुमची इच्छा', आणि तिला हळूहळू कळतं की ह्याचा अर्थ माझं तुझ्यावर प्रेम आहे. मी हे भाषांतर केल्यावर आई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, आमचे हे पण ४९ वर्षं 'बरं' म्हणतायत. बाबा लगेच म्हणाले, बघा! आई म्हणाल्या, पण तो उठून पाणी आणतो.

इथे पहिला ब्रेक झाला. बाबा उठून पाणी घेऊन आले, आणि ते कोणीच प्यायलं नाही.

मग बाबांचं मन जिंकलं ते इनिगो मोंटोयाने. हा स्पेनचा तलवारबाज, सहा बोटांच्या माणसाने ह्याच्या वडिलांना मारलेलं, तर लहानपणापासून एक वाक्य पाठ करून ठेवलंय: आधी नमस्कार, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचा विषय, मग मरायची तयारी ठेव. बाबा म्हणाले संस्कार आहेत मुलावर, हल्ली कोण नाव सांगतं. त्याची आणि वेस्टलीची कड्यावरची लढाई सुरू झाली, दोघं डाव्या हाताने लढतात आणि मग एकेक करून कबूल करतात की मी डावखुरा नाहीच मुळी, तिथे बाबांनी चक्क टाळी वाजवली. नवऱ्याने वाचलं की दोघा नटांनी महिनोन् महिने शिकून, दोन्ही हातांनी, जवळजवळ सगळी लढाई स्वतः केलीय. ते दोरीने चढतात तो कडा म्हणजे आयर्लंडमधले मोहरचे कडे. हे त्याने टीव्हीपुढे उभं राहून वाचलं त्यामुळे अर्धी लढाई आम्हाला दिसली नाही, मागे घेऊन परत बघितली.

राक्षस आला आणि नवरा किंचाळलाच. फेझिक, म्हणजे कुस्तीगीर आंद्रे द जायंट! शाळेत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कार्डांवरून मारामाऱ्या केलेला नवरा माझा, डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. ७ फूट ४ इंच अशी आंद्रेची जाहिरात करायचे. पण शूटिंगच्या वेळी त्याची पाठ इतकी कामातून गेलेली की हिरॉइन उडी मारते आणि हा झेलतो त्या सीनला तिला तारांनी धरायला लागलं, वजनच पेलेना. ह्यावर आई त्या राक्षसाच्या कायमच्या बाजूने झाल्या. मणक्याचं दुखणं आहे ते, दिसत नाही कोणाला. पुढे तो पडद्यावर आला की म्हणायच्या, वाकू नको रे.

आगीच्या जंगलात मोठाले उंदीर येतात तिथे खरं तर घाबरायचं असतं. कन्या घाबरली, पहिल्यांदाच, भुतं बघणारी. आईंनी एक नजर टाकली. एवढी घूस तर आपल्या मीटर रूमच्या मागे आहे.

भाषांतरात मी एकदाच जिंकले. वेस्टलीला छळ करून मारतात, मित्र त्याला एका खडूस वैद्याकडे नेतात, तो तपासून म्हणतो हा पूर्ण मेलेला नाही, बराचसा मेलाय. इंग्रजीत त्याला केवढा वेळ लावला त्यांनी, मी एका शब्दात सांगितलं, अर्धमेला. चिरंजीव म्हणाले माझा बाबा ऑफिसमधून येतो तसा. वैद्य झालेला बिली क्रिस्टल म्हणे इतका सुटला होता की दिग्दर्शक रॉब रायनरला हसू आवरेना म्हणून सेटच्या बाहेर जावं लागलं, आणि इनिगोवाल्या मँडी पॅटिंकिनची हसू दाबता दाबता बरगडी दुखावली.

मग बटरकपचं राजपुत्राशी जबरदस्तीचं लग्न. बोबडा धर्मगुरू लांबण लावतोय, राजपुत्र मागे लागलाय की लवकर उरका, आई एकदम टीव्हीला म्हणाल्या, हे लग्न झालेलं नाही! का? अहो मुलीने होकार कुठे दिला? आपल्यात सप्तपदी झाल्याशिवाय होतं का? आणि थोड्या वेळाने वेस्टली बिछान्यावर पडल्या पडल्या अगदी हेच सांगतो, तू बोलली नाहीस ना, मग झालं नाही. आईंनी ज्या नजरेने आमच्याकडे बघितलं ती वकिलांची असते.

हा पिक्चर थिएटरात बेताचाच चालला होता. प्रेमकथा, परीकथा, मारामारी की कॉमेडी, काय म्हणून जाहिरात करायची तेच कंपनीला कळेना, म्हणजे आमच्या शनिवारचीच रड. तो वाढला तो व्हिडिओ कॅसेटवर, घराघरात, आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या सिनेमांच्या यादीत घेतला. मला विचाराल तर त्याचं कारण सोपंय. थिएटरात गप्प बसावं लागतं. ह्या पिक्चरमध्ये 'थांब, असं कसं, मग कोण मारणार त्या राजपुत्राला' असं विचारणारं पोर आतच बसवलेलं आहे, आपण बोललो तर आपणही त्यातलेच वाटतो. आजी गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार द्यायला लागायचा ना, तसंच. नाहीतर बाकीचे पिक्चर आमच्या घराला बघून दुखावतात हो.

शेवटी तो मुलगा आजोबांना म्हणतो, उद्या परत वाचायला याल का, आणि आजोबा दारातून टोपी घालत म्हणतात, जशी तुझी इच्छा. कोणी काही बोललं नाही. बाबांनी चष्मा पुसला. मग नवऱ्याने वाचलं की शूटिंगच्या वेळी आंद्रेची खडबडीत रस्त्यावर चालवायची छोटी गाडी (एटीव्ही) फिरवताना हिरोने पायाचं बोट मोडून घेतलं होतं.

एक वाजला होता.

दुसऱ्या दिवशी मी पोळ्या करत होते आणि बाहेर आई सांगलीच्या मावशींना फोनवर सांगत होत्या, ''अगं नवनीता नावाची मुलगी असते, मोठ्या घरची. आणि वसंता त्यांच्याकडे गडी. नाही, लग्न मोडतं ते वेगळं, ते पुढे येतं. त्या राक्षसाचा मणका गेलेला असतो, तरी बिचारा सगळ्यांना घेऊन कडा चढतो.'' पाप्या एकही नव्हत्या. तलवारबाजी दीड वाक्यात संपली. लग्नाचा कायदा मात्र पोळ्यांचा पाऊण डबा भरेपर्यंत चालला. मावशींनी बहुतेक मध्येच विचारलं, वसंता कोण, कारण आईंचा आवाज एकदम चढला.

''तू आधी ऐक ना गं! मधे मधे बोललीस तर कशी कळणार गोष्ट?''