एमजीबीचे मागचे पाटे: बोल्ट हवेतच का आवळू नयेत

नमस्कार,

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे मागचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बदलण्यावरच्या माझ्या लेखावर "गाडी हवेत असतानाच सगळे बोल्ट आवळले तरी काही बिघडत नाही, उगाच घाबरवू नका", असं तुम्ही लिहिलंत. वर "पुस्तकी ज्ञान" हा शेराही. मतभेद चालतो, पण हा सूर कशासाठी? वर्षानुवर्षं या गाड्यांच्या खाली आडवा होऊन मगच मी लिहितो.

आता तुमचं ते एक वाक्य. पाट्याच्या पुढच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल वळशात, बुश बसतो. त्यात आतली नळी, बाहेरची नळी आणि मध्ये दोन्हींना चिकटलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटच्या दोन गालांत जखडते. म्हणजे डोळा फिरतो तो फक्त रबराला पीळ देऊन. ॲक्सल (मागच्या चाकांचा आडवा दांडा) लोंबकळत असताना आवळलंत, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. मागचा भाग थोडा उंच बसतो आणि दर खड्ड्याला रबर आधीच ताणलेल्या बाजूलाच आणखी ताणलं जातं. ते लवकर फाटणारच!

म्हणून पुढचा बोल्ट आणि मागच्या शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक गाडीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याचे) नट आधी फक्त हाताने लावायचे. मग चाकांखाली भक्कम लाकडी ठोकळे देऊन गाडीचं वजन पाट्यांवर घ्यायचं, बंपर दोन-चार वेळा दाबायचा आणि मग आवळायचं. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. ॲक्सल पाट्याला बांधणाऱ्या यू-बोल्टची गोष्ट वेगळी, ते हवेत आवळले तरी चालतात. मात्र पाट्याच्या पट्ट्या एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं पॅडच्या भोकात नीट बसलेलं हवं आणि चारही नट आलटूनपालटून आवळायला हवेत. काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे, कारण रबरी पॅड दबतात. तुम्ही बुशचे बोल्ट आणि यू-बोल्ट दोन्ही एकाच मापाने मोजलंत.

एक चूक मान्य. लेखात शॅकलची अर्धी (दोन भागांत येणारी) रबरं "चार" लिहिली, ती एका बाजूची. दोन्ही बाजूंची आठ लागतात. दुरुस्ती केली आहे.

तुमच्या "एकच पाटा बदला, पैसे वाचवा" यावर काय बोलणार? जुना पाटा वजनाने खाली दबलेला असतो, गाडी एका अंगाला कलते. आणि "कुठलाही एमजीबीचा पाटा चालतो" हेही चूक. १९७४ मध्ये रबरी बंपर आले तेव्हा गाडीची उंचीच वाढवली होती, म्हणून आधीचे आणि नंतरचे पाटे वेगळे.

तुमच्या गाडीचा पुढचा बुश काढा, रबर नळीपासून सुटलंय का बघा. मग बोलू.