लिनक्स ‘चाळीस पट वेगवान’ झालेला नाही

नोव्हेंबर 2024 पासून एक दावा फिरतोय: इंटेलच्या चाचणी-रोबोटला लिनक्सच्या कर्नलमधल्या (सिस्टिमचा गाभा) एका ओळीच्या बदलामुळे 3888.9 टक्के सुधारणा दिसली, म्हणजे नवा कर्नल टाकला की मशीन चाळीस पट पळणार. आकडा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

आधी मोजलं काय ते बघा. ‘विल-इट-स्केल’ या चाचणी-संचातली ‘मॅलॉक1’ ही चाचणी 128 मेगाबाइट मेमरी मागते, लगेच परत करते, पुन्हा मागते. त्या मेमरीत ती स्वतः काहीही लिहीत नाही. सुरुवातीला फक्त मॅलॉक (प्रोग्रामला मेमरी मागून देणारं फंक्शन) आपली काही बाइटांची नोंद ठेवतो. बदलाआधी तो तुकडा नेमका 2 मेगाबाइटच्या सीमेवर सुरू व्हायचा. त्यामुळे एवढ्याशा नोंदीसाठी कर्नल अख्खं 2 मेगाबाइटचं ह्यूज पेज, म्हणजे मेमरीचा एक मोठा ठोकळा, शून्यांनी भरून द्यायचा. आता तिथे 4 किलोबाइटचं साधं पेज पुरतं. तुमचा डेटाबेस घेतलेली मेमरी खरोखर वापरतो, त्याला ही चाळीस पट कुठून मिळणार?

‘नवी सुधारणा’ म्हणणंही बरोबर नाही. ही दुरुस्ती आहे, आणि माझ्या मते खरी गोष्ट हीच आहे. 6.7 कर्नलपासून मोठी अनॉनिमस मॅपिंग्ज (फाइलशी न जोडलेले मेमरीचे तुकडे) 2 मेगाबाइटच्या सीमेवर बसवायला सुरुवात झाली. हेतू चांगला होता: ह्यूज पेज मिळावं, टीएलबीवरचा (मेमरीचे पत्ते लक्षात ठेवणारा प्रोसेसरमधला छोटा साठा) ताण कमी व्हावा. पण स्पेक या वेग मोजणाऱ्या चाचणी-संचातली कॅक्टसबीएसएसएन ही चाचणी 4632 किलोबाइटचे अनेक तुकडे घेते. पूर्वी ते एकमेकांना चिकटून एक सलग पट्टा व्हायचा. नव्या नियमाने दोन तुकड्यांमध्ये 1512 किलोबाइटची फट पडू लागली. प्रत्येकात दोनच ह्यूज पेजेस बसायची, उरलेले 536 किलोबाइट सुट्या पेजेसवर जायचे. वर सगळे तुकडे सारख्याच सीमेवर सुरू होत असल्यामुळे टीएलबी आणि कॅश (प्रोसेसरची जलद मेमरी) यांच्या त्याच त्या खणांसाठी झटापट. काही मशीनवर ही चाचणी 600 टक्क्यांपर्यंत मंदावली. डार्कटेबल या फोटो सॉफ्टवेअरलाही फटका बसला.

कर्नल डेव्हलपर व्लास्टिमिल बाबका यांनी घातलेली अट साधी आहे: लांबी 2 मेगाबाइटच्या पटीत असेल तरच सीमेवर बसवा. 6.12 मध्ये ती आली.

‘एकच तर ओळ’ हे वाचून मला खरंच वाईट वाटतं. एका आवृत्तीत दहा-पंधरा हजार बदल येतात. अर्धे-अर्धे करत दोषी बदल गाठायचा तरी चौदाएक वेळा कर्नल बांधायचा, बूट करायचा, चाचणी चालवायची. ती ओळ त्यानंतर सुचते.

आणि यावरून ‘ह्यूज पेजेस कायमची बंद करा’ हा सल्ला तर देऊच नका. चूक पत्ता निवडण्यात होती, ह्यूज पेजेसमध्ये नव्हती. शंका असेल तर जुन्या आणि नव्या कर्नलवर आपलंच काम ‘पर्फ स्टॅट’ या मोजणीच्या साधनाखाली चालवा आणि टीएलबी मिसेस (पत्ता टीएलबीत किती वेळा सापडला नाही) शेजारी-शेजारी ठेवून बघा.