‘पेडल नुसतं शोभेला’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मोटर लावलेली, पण पेडल मारूनही चालणारी सायकल कशी आखावी या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मोटर-बॅटरीच्या वजनाने अशी सायकल पायांनी ओढता येत नाही, पेडल नुसतं शोभेला उरतं, त्यापेक्षा पुढच्या चाकात सरळ १००० वॅटची मोटर घालावी आणि पेडलने फार तर बॅटरी चार्ज करावी.

पेडल शोभेचं होतं हे तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे. कारण मात्र चुकतंय. वजनावर ठपका ठेवण्याआधी हिशोब करून बघू. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो, बसणं ताठ, टायर मध्यम रुंदीचे, वारा पडलेला. सपाट रस्त्यावर ताशी २० किमीला चाकाशी साधारण १०५ वॅट लागतात. त्यातले ४४ टायरच्या घर्षणात जातात, उरलेले हवेत. आता १० किलो वाढवा. भर पडते साडेचार वॅटची. दर १०० मीटरला ५ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १२ किमीने तेच १० किलो १९ वॅट मागतात, म्हणजे चढावर वजन जाणवणारच. पण मोटर लावायची ती त्यासाठीच ना!

पाय खरे थकतात ते मोटरच्या ओढीने. गिअर नसलेल्या, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह हब मोटरमध्ये (चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या मोटरमध्ये) चुंबक चाकाबरोबर कायम फिरतात, वीज बंद असली तरी. ही ओढ १ न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचं माप) धरली, तरी २६ इंची चाकावर ताशी २० किमीला १७ वॅट गेले. रोजच्या चालवण्यात साधा माणूस तासभर ७५ ते १०० वॅट देऊ शकतो. त्यातला पाचवा हिस्सा चुंबक फिरवण्यात घालवायचा? १० किलो वजनाच्या जवळपास चौपट फटका आहे हा. म्हणून मी गिअरवाली हब मोटर सुचवली होती. तिच्यात आत एकदिशा क्लच असतो. मोटर थांबली की चाक तिला सोडून मोकळं फिरतं. १९४६ साली विक्रीला आलेल्या व्हेलोसोलेक्स या फ्रेंच मोपेडने हेच काम खटक्याने केलं होतं: इंजिनाचा रोलर पुढच्या टायरवर दाबून बसायचा, आणि इंजिन वर उचललं की साधी सायकल हातात. ओल्या टायरवर तो रोलर घसरायचा, पण मूळ विचार पक्का होता. मोटर सुटली पाहिजे. आणि उलट बाजूनेही: मोटर फिरली म्हणून पेडलं फिरता कामा नयेत. हब मोटरला हे काम मागचं फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारं चक्र, करतं. मोटर क्रँकपाशी (पेडलच्या दांड्यापाशी) असेल तर क्रँकलाही स्वतंत्र फ्रीव्हील हवं, नाहीतर मोटर पाय गरागरा फिरवेल.

लेखात मी चेनच्या पुढच्या-मागच्या चक्रांच्या दात्यांच्या हिशोबावर दोनच ओळी लिहिल्या, ती चूक माझी. पेडल शोभेचं होतं ते मुख्यतः इथेच. २६ इंची चाकाचा घेर २.०७ मीटर, ताशी २५ किमीला ते मिनिटाला २०१ फेरे मारतं. पुढे ३३ आणि मागे १८ दाते असतील तर तुमच्या पायांना मिनिटाला ११० फेरे मारावे लागतील. कोण मारणार? ६० ते ८० ही सोयीची गती. ताशी १८ किमीच्या पुढे गेलं की चेन सैल पडल्यासारखे पाय पोकळ फिरतात, आणि माणूस पेडलवर पाय नुसते ठेवून बसतो. पुढे ४४ आणि मागे १४ ते ३४ दात्यांचं सात गिअरचं फ्रीव्हील घ्या. ४४-१४ वर ताशी २५ किमीला पाय ६४ फेरे मारतात, आणि बॅटरी संपलेली असताना ४४-३४ वर ताशी ८ किमीने चढ चढताना ५०. जड जाईल, पण चढेल.

बसण्याचं गणितही तितकंच महत्त्वाचं. पेडल तळाला असताना गुडघ्यात २५ ते ३० अंशांचाच वाक उरेल इतकी सीट वर हवी, आणि क्रँक १६५ ते १७० मिमीची. सीट मोपेडसारखी खाली ठेवली, किंवा रुंद बॅटरीपेटीला जागा करायला पेडलं बाहेर सरकवली, तर दाते कितीही बरोबर असोत, गुडघे तक्रार करणारच. बॅटरी सीटच्या नळीला समांतर किंवा खालच्या नळीवर, उभी आणि अरुंद बसवा.

पेडल ओळखून मोटर चालू करणारा सेन्सर नुसत्या पाय फिरवण्यालाही फसतो, हा तुमचा टोला मला मान्य आहे. साधा चुंबकांचा सेन्सर पेडल फिरतंय एवढंच ओळखतो, जोर लागतोय का ते नाही. तिथे पोकळ पाय फिरवूनही मोटर पूर्ण जोर देते. जमेल तर पायांचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर घ्या. नाहीच जमलं तर १२ चुंबकांची चकती आणि वेगाऐवजी करंट आवरणारा कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारी पेटी). ब्रेकच्या दोन्ही दांड्यांना मोटर तोडणारे स्विच हवेतच, कारण असा सेन्सर पाय थांबल्यावर क्षणभर उशिराने जागा होतो.

आता १००० वॅट आणि पुढचं चाक. वर सांगितलेल्या ५ टक्के चढावर ताशी १२ किमीला एकूण २०० वॅट लागतात. पायांचे ८० वजा केले तर मोटरकडे १२० उरतात. २५० वॅटची मोटर यात रमतगमत चालते. शिवाय पायांच्या मदतीने वेग टिकून राहतो, आणि ते मोटरच्याच हिताचं आहे: बिनभाराच्या (चाक अधांतरी फिरतानाच्या) वेगाच्या निम्म्याखाली गेली की तिने घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता होतो आणि आतले नायलॉनचे गिअर मऊ पडतात. १००० वॅटचा उपयोग उरतो तो वेगासाठी. ताशी ४० किमीला चाकाशी ५८० वॅट लागतात, त्यातले ४९० हवेतच जातात. ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरची बॅटरी त्या वेगाने २० किमीच्या आतच आटपते. पेडल मारत ताशी २० किमीने तीच त्याच्या दुपटीहून जास्त अंतर पुरते. ब्रेकला झेलावी लागणारी ऊर्जाही ताशी २५ किमीच्या मानाने अडीचपट.

फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची, बाब मात्र जिवावरची आहे. हब मोटरचा एक्सल (चाकाचा आस) दोन बाजूंनी चपटा केलेला असतो, चपट्या भागाची जाडी १० मिमी. मोटर ४० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते तेव्हा तो चपटा भाग फोर्कच्या खाचेच्या ओठांना उलट दिशेने पिळतो. १० मिमीच्या पकडीवर ४० न्यूटन-मीटर म्हणजे ओठावर ४००० न्यूटन, जवळपास ४०० किलोचा रेटा. पोलादी खाच हळूहळू फाकते, अ‍ॅल्युमिनियमची न सांगता तुटते. एक्सल खाचेत फिरला की त्यातून निघणारी केबल पिळली जाते, मोटरला वीज नेणाऱ्या तीन फेज वायरी एकमेकींना चिकटतात, आणि डायरेक्ट ड्राइव्ह मोटर तत्क्षणी ब्रेक बनते. पुढच्याच चाकात! म्हणून मोटर मागे, आणि तिथेही पोलादी टॉर्क आर्म (एक्सलला फ्रेमशी बांधून फिरू न देणारी पट्टी) लावायचीच. तिचं दुसरं टोक ५० मिमीवर बांधलं की तोच रेटा ८०० न्यूटनवर येतो. केबल एक्सलमधून खालच्या बाजूला निघू द्या, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत मोटरमध्ये शिरतं.

पेडलने बॅटरी चार्ज करण्याचं गणित जमत नाही. पायांचे १०० वॅट आधी जनरेटर, मग बॅटरी, मग पुन्हा मोटर असे फिरून चाकापर्यंत ५५-६० उरतात. स्वच्छ, तेल दिलेली चेन तेच ९५ पोचवते.

तुमच्या पाहण्यातल्या सायकलीवर हे तपासता येईल. बॅटरी काढा, मोटरचं चाक अधांतरी धरा आणि हाताने पुढच्या दिशेने फिरवा. क्लचवाली मोटर असूनही आतून गिअरची घरघर आली आणि चाक लवकर थांबलं, तर क्लच अडकलाय. मग चाक उलटं फिरवा. थोडी ओढ जाणवेलच, पण अडखळत, झटके देत फिरलं तर फेज वायरींचा कनेक्टर सोडून पुन्हा फिरवा. झटके गेले तर कंट्रोलरमधला मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा भाग) शॉर्ट आहे. तसेच राहिले तर एक्सलपाशी केबलचं आवरण सोलून बघा, वायरी तिथेच चिकटलेल्या सापडण्याची शक्यता जास्त.