दर पीएसआयला दहा घोडे? नागपूरच्या मेमध्ये तरी नाही

टर्बो गाडीवाल्या पोरांत सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरून राहिला आहे. मजकूर थोडक्यात असा: 'कंपनी इंजिन मुद्दाम दाबून ठेवते. वेस्टगेटच्या नळीत ब्लीड व्हॉल्व्ह टाका, बूस्ट पाच पीएसआय वाढवा. दर पीएसआयला दहा घोडे फुकट. १०० ऑक्टेन भरलं की नॉकिंग विसरा. खडखड ऐकू आलीच तर व्हॉल्व्ह जरा आवळा. मग समृद्धीवर काढून बघा.' (बूस्ट म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, पीएसआय त्याचं माप, घोडे म्हणजे हॉर्सपॉवर. वेस्टगेट ही तो दाब आवरणारी झडप; ब्लीड व्हॉल्व्ह तिच्या नळीतली हवा गळवून तिला उशिरा उघडायला लावतो. नॉकिंग म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकणं, खडखड त्याचीच.) चुलतभावाने हा फॉरवर्ड मला पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, टाकून घेऊ का?" त्याची गाडी फोक्सवॅगन व्हर्टस, १.० टीएसआय, म्हणजे एक लिटरचं टर्बो इंजिन.

त्याच्यापुरतं उत्तर एका ओळीचं. त्या इंजिनाचा वेस्टगेट विजेच्या मोटरवर हलतो. व्हॉल्व्ह टाकायला नळीच नाही. जुन्या गाड्यांत हा जुगाड बसतो, पण तिथेही ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, मागितल्यापेक्षा जास्त दाब दिसला की तो थ्रॉटल मिटतो, पी०२३४ हा ओव्हरबूस्टचा कोड टाकतो आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे मुद्दाम कमी केलेल्या ताकदीवर, रखडते.

'कंपनी दाबून ठेवते' हे अर्धं खरं आहे. चांगल्या रीमॅपने, म्हणजे ईसीयूमधला मॅप (बूस्ट, इंधन, स्पार्कचे आकडे) नव्याने लिहून, थोडी ताकद निघते, मी स्वतः काढली आहे. पण ती शिल्लक कुणी चोरून ठेवलेली नसते. लेहची विरळ हवा, कुठल्यातरी पंपावरचं भेसळीचं पेट्रोल आणि आपला मे महिना, या सगळ्यांची सोय त्यात असते. शिवाय ती सगळीकडे सारखी नसते. त्याच गाडीच्या मोठ्या १.५ टीएसआय इंजिनाचा टॉर्क २५० एनएम, आणि त्याला जोडलेल्या ड्राय क्लच डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मर्यादाही २५०. तिथे शिल्लक कुठली?

आता दहा घोड्यांचा हिशोब. बूस्ट म्हणजे ताकद नव्हे, तो फक्त दाब. ताकद सिलिंडरमध्ये किती वजनाची हवा गेली त्यावर ठरते, आणि हवा दाबली की तापते. डिसेंबरातल्या पहाटे १२ अंशांची हवा दुप्पट दाबली, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर ती साधारण १०० अंशांवर बाहेर पडते. मेमधली ४५ अंशांची हवा पडते १४५ वर. पुढे दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर आहे, पण तो बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि बाहेरची हवा म्हणजे आपली लू! समजा वातावरणासकट दाब २ बारचा २.३ केला, म्हणजे साडेचार पीएसआय वाढवले. दाब वाढला पंधरा टक्के. त्याच वेळी आत जाणारी हवा ५० वरून ७५ अंशांवर गेली, तर घनता सात टक्के घटते. हाती उरतात जेमतेम सात टक्के, म्हणजे भावाच्या गाडीच्या ११५ घोड्यांवर सातआठ. फॉरवर्डच्या हिशोबाने पंचेचाळीस व्हायला हवे होते. आणि हे सातआठसुद्धा तेव्हाच, जेव्हा ईसीयू नॉकिंग टाळायला स्पार्क मागे घेत नाही, म्हणजे ठिणगी उशिरा पाडत नाही. तापलेल्या हवेत तो घेतोच.

ऑक्टेनने ताकद येत नाही, नॉकिंगला विरोध वाढतो. मॅप त्या पेट्रोलसाठी लिहिलेला नसेल तर जास्तीचे पैसे बहुतेक पंपावरच राहतात. शिवाय आता पेट्रोल ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉलमुळे नॉकिंगला थोडी मदत होते, पण लिटरमागे ऊर्जा सहासात टक्के कमी, म्हणून तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. इंजेक्टर आधीच क्षमतेच्या तोंडाशी आलेले असतील तर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टन जातो.

'ऐकू आलं तर' हा सगळ्यात धोक्याचा सल्ला. काचा बंद, एसी फुल, मागे मोठा एक्झॉस्ट, यात कान काय पकडणार? ऐकू येईपर्यंत दोन रिंगांमधली पिस्टनची कड तुटलेली असू शकते. नॉक सेन्सरचा लॉग, म्हणजे ईसीयूतली नोंद, बघा: प्रत्येक सिलिंडरचा स्पार्क किती अंश मागे जातो ते त्यात दिसतं. स्वस्त गेजवरही विसंबू नका, सेन्सर चुकतात. २०२४ च्या मेअखेर आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. पुढे हवामान खात्याने सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं.

समृद्धीवर तर अजिबात नको. शिवमडक्याहून निघून सलग ओढत राहिलं की इंटरकूलर, तेल, टर्बो सगळं तापत जातं. शहरातल्या दहा सेकंदांच्या खेचीत सुरक्षित वाटलेला मॅप तिथे उघडा पडतो. वेगमर्यादा १२० आहे ते वेगळंच.

कायद्याचं कुणी बोलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला न सांगितलेला बदल दाव्याच्या वेळी महाग पडतो.

करायचंच असेल तर आधी कॉम्प्रेशन तपासा, प्लग नवे, गॅप थोडी कमी, इंटरकूलर मोठा, मग बूस्ट एकेक पीएसआयने. प्रत्येक पायरीला लॉग. आणि थंडीत केलेला मॅप मेच्या दुपारी पुन्हा तपासायचा.

चुलतभावाला म्हटलं, आधी आहे तशा गाडीचा लॉग काढू. दुपारी तीनला वर्धा रोडवर तिसऱ्या गिअरमध्ये एक खेच घेतली. कंपनीच्याच मॅपवर दोन सिलिंडरांचा स्पार्क तीन-तीन अंश मागे जात होता.